मामीच्या जागेवर

मामी जाऊन बरेच महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी शिवणवाल्या काकूंचा मला फोन आला. काकू मामाच्या शेजारी राहतात. त्यांच्या शिवणयंत्रापुढची खिडकी मामाच्या मागच्या बागेवर उघडते, त्यामुळे त्या बागेत पान हललं तरी बातमी आधी काकूंकडे असते. फोनवर 'कशी आहेस' नाही, 'कामात आहेस का' नाही, एकदम म्हणाल्या, "तुझी मामी बागेत येऊन बसते गं."

"काकू, मामी वारली," मी म्हणाले.

"मग? ते मला ठाऊक नाही का? म्हणून तर फोन केला. जिवंत असती तर कशाला केला असता?"

काकू आवाज खाली आणून सांगायला लागल्या. उजाडलं की ती येते. तोच करडा कोट, तीच रुंद काठाची टोपी. पाण्याच्या तबकाजवळ खाली मान घालून बसते आणि माती उकरत राहते. काकूंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता, गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडले होते, आणि यंत्रावर बसलं की पाठीवरून काहीतरी सरसरत जातं असं त्यांचं म्हणणं होतं.

"मामाला विचारलंत?"

"काय विचारू? बायको परत आली का तुमची, असं?"

मी एका छापखान्यात कामाला आहे. लोकांच्या गालांवरचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरचा घाम कॉम्प्युटरवर पुसून देणं हा माझा धंदा. असल्या माणसाचा भुतांवर विश्वास बसत नाही. मला वाटलं, काकूंना चष्म्याचा नंबर बदलायला हवा आणि मामाला कोणीतरी भेटायला जायला हवं. दुसऱ्या गोष्टीबद्दल मला जरा लाजही वाटली, कारण मी कित्येक दिवसांत तिकडे फिरकले नव्हते. येत्या सुट्टीच्या सकाळी मी गेले.

मामाचं घर म्हणजे पुढे फोटो स्टुडिओ आणि मागे संसार. स्टुडिओ बंद होऊन काळ लोटला, तरी दारावरच्या पाटीची अक्षरं उन्हात पिवळी पडून तशीच आहेत. लहानपणी मी सुट्ट्यांत इथेच पडीक असायचे. पुढच्या दाराची बेल वाजवावी असं मला कधी वाटलंच नाही. बोळातून गेलं की मागचं फाटक, फाटकातून बाग, बागेतून स्वयंपाकघर, हा आमचा रस्ता. मी फाटकाची कडी काढली आणि समोर मामी बसलेली.

खोटं कशाला सांगू, मी कडी धरूनच उभी राहिले. पाठमोरी, पाटावर, डाव्या खांद्यात जराशी वाकलेली. हातात खुरपं. कोटावर पाठीशी जुन्या रसायनांचे तेच तपकिरी डाग. मी घाबरलेच, पण त्याच्या आधी, डोळ्याचं पातं लवावं तेवढा वेळ, मला आनंद झाला होता. ती गेली म्हणून मी ढसाढसा रडलेली, तिला पोहोचवून आल्यावर तिचं कपाट आवरलेली मी, आणि मनात आलं ते एवढंच, की अरे, आहे की ही!

पाठमोऱ्या मामीने एक हात हळूच वर केला आणि मामाच्या आवाजात म्हणाली, "भिंगरे, हलू नकोस. दयाळ आहे."

तबकाच्या काठावर काळापांढरा दयाळ शेपटी उभारून बसला होता. मी पुढे टाकलेलं पाऊल तसंच धरून उभी राहिले. तो उतरला, ओल्या मातीतली अळी उचलली आणि लिंबाच्या झाडात शिरला. मग मामा गुडघ्यावर हात टेकत उठला आणि टोपी काढली. टोपीखालून त्याचं टक्कल निघालं तेव्हा माझी सगळी भीती रागातून बाहेर पडली. मी त्याला तिथेच झाप झाप झापलं. शेजारच्या बाईचं काळीज बंद पडायची वेळ आली, माझं पडता पडता राहिलं, आणि तू बायकोचे कपडे घालून माती काय उकरतोस?

"माझ्या कपड्यांत बसलो तर एक पाखरू खाली उतरत नाही," मामा म्हणाला. "तिचे घातले की येतात. माझा काय इलाज?"

हे मात्र खरं होतं, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

मामा फोटो काढायचा आणि मामी ते उजळायची. त्या काळी काचेच्या पेटीखाली दिवा लावून, त्यावर निगेटिव्ह ठेवून, टोकदार पेन्सिलीने आणि बारीक पात्याने काम चालायचं. देवीचे व्रण बुजवणं, वाकडा भांग सरळ करणं, फोटो काढताना डोळे मिटलेल्या माणसाचे डोळे उघडणं, सगळं मामी करायची. प्रिंटवर शेवटी ती दोन्ही बुबुळांत पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका ठेवायची आणि मेणचटलेला चेहरा एकदम तुमच्याकडे बघायला लागायचा. मी तिच्याच मांडीला मांडी लावून हे शिकले. आज जे चार घास खाते ते तिच्या बोटांच्या पुण्याईने.

पण ही बाई स्वतःचा फोटो काढू द्यायची नाही. घरच्या समारंभात कोणी बळेच गटात उभी केलीच, तर निगेटिव्ह शेवटी तिच्याच हातात येणार होती. ती पात्याने स्वतःला खरवडायची आणि त्या जागी काहीतरी भरायची. पडदा, खांब, खुर्चीची पाठ. माझ्या मावशीच्या लग्नाच्या फोटोत मामाच्या शेजारी ताडाची एक झकास कुंडी उभी आहे. अनोळखी माणसाला वाटावं, या गृहस्थाने कुंडीशीच संसार थाटलाय. आम्ही पोरं त्यावरून मामाला पुष्कळ चिडवायचो. 'मामी नको, कुंडीला हाक मार,' असं. मामा हसायचा, मामीही हसायची.

त्यातली खरी गोष्ट मला मोठेपणी कळली आणि तीही मामीनेच सांगितली. त्यांना एक मुलगी होती, छोटी. मी जन्माला यायच्या आधीच तापाने गेली. फोटोवाल्याची पोर, म्हणून तिचे फोटो सवडीने काढू, घाई थोडीच आहे, असं म्हणता म्हणता एकच फोटो निघाला होता, आणि तोही हललेला, कारण ती स्टुलावर स्थिर बसेना. ती गेल्यावर मामीने तो उजळायला घेतला. आधी डोळे नीट केले. मग ओठ. मग केसांच्या बटा. मग वाटलं डोळे तसे नव्हते, म्हणून पुन्हा डोळे. प्रिंटचा फोटो, त्या फोटोवर काम, त्याचा पुन्हा फोटो. असं किती काळ चाललं, तिलाच ठाऊक. शेवटी एक देखणी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी तयार झाली. माझी आई घरी आली होती, तिने फोटो हातात घेऊन विचारलं, "वहिनी, ही कोणाची गं?"

"तेव्हापासून मला तिचा खरा चेहरा आठवत नाही," मामी मला म्हणाली होती. "डोळे मिटले की तीच येते, मी रंगवलेली. माझा फोटो नको बाई. समोर असला की हात लावायचा मोह होतो."

स्टुडिओ बंद झाल्यावर रिकामा मामा पाखरांचे फोटो काढायला लागला. बाग केवढी, तर दोन खाटा मावतील एवढी. लिंबू, पेरू, जास्वंद, आणि फोटो धुवायचं जुनं पांढरं तबक पाण्याने भरून ठेवलेलं. मामी मामाचा डार्करूममधला जुना कोट चढवून, टोपी घालून माती उकरत बसायची. माती उलटली की अळ्या वर येतात, म्हणून दयाळ तिच्या हातभर अंतरावर यायचा. साळुंक्या, बुलबुल मागोमाग. मामा स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेम धरून असायचा आणि दोघं खिडकीतून भांडायची.

"जरा डावीकडे सरक. तुझी टोपी येतेय."

"तुझं पाखरू माझ्या उजवीकडे आहे, मी डावीकडे कशाला मरू?"

अशी कितीतरी वर्षं ती त्याच्या चौकटीच्या अगदी कडेला, पण बाहेर राहिली.

त्या सकाळी मामाने चहा केला. कोट अजून अंगावरच होता. मी तो काढ म्हणाले तर 'थंडी आहे' म्हणाला, थंडी कसली नि काय! मग कप तसाच ठेवून तो भिंतीकडे बघत बोलायला लागला.

"भिंगरे, मला तिचा चेहरा आठवत नाही."

मी म्हणाले, "असं होतं मामा. येईल परत."

"नाही. ऐक. परवा भांडी घासत होतो. म्हटलं जरा तिला आठवू. तर आली तुझी आई. मग काकू आल्या. मग कुठल्या कुठल्या गिऱ्हाईक बायका. हात आठवतात, पाठ आठवते, आवाज तर आत्तासुद्धा येतोय. तोंडाच्या जागी काही नाही. कुंडी आहे." तो हसायला गेला पण ते जमलं नाही. "एवढ्या लोकांचे चेहरे काढले मी. माझ्याच बायकोचा घरात एक नाही."

मीही मनातल्या मनात मामीला समोर आणायचा प्रयत्न केला. टोपी आली, टोपीखालची सावली आली, नाकावरचा चष्मा आला. मी पटकन चहा प्यायला लागले.

मग त्याने मला आत नेलं. डार्करूममध्ये आता कॉम्प्युटर आहे. त्याने पाखरांचे जुने फोटो उघडले, मामी असतानाचे. पडद्याला नाक लावून बसला होता, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर केव्हाचे ऑपरेशन करा म्हणत होते, आणखी थांबलात तर अवघड होईल असंही बजावून झालं, पण मामा आज नको उद्या करत होता. त्याने एका दयाळाचा फोटो मोठा केला. आणखी मोठा. सगळा पडदा भरून त्या पाखराचा काळा डोळा झाला. वरच्या अंगाला आकाशाचा उजेड, आणि त्याखाली काहीतरी काळसर, वर रुंद आणि खाली निमुळतं.

"हे पाखरू तिच्याकडे बघतंय," मामा म्हणाला. "ही तिथे समोर बसली होती. म्हणजे ही ती आहे. का पलीकडचा पाण्याचा पिंप आहे? मला दिसत नाही नीट. तू सांग."

मला काहीच सांगता येईना. डागच तो.

आता मला कळलं तो मामीचे कपडे घालून काय करत होता ते. तो पुरावा गोळा करत होता. तिच्या जागेवर, तिच्या कोटात, तिच्या टोपीत बसायचं, त्याच तबकावर दयाळ येऊ द्यायचा, आणि त्याचा त्याच बाजूने फोटो काढायचा. मग दोन्ही डोळे शेजारी ठेवून बघायचं. अडचण एवढीच, की बागेत बसलेला माणूस खिडकीतून फोटो काढू शकत नाही.

"तू दाब बटण," तो म्हणाला. "तुझे डोळे चांगले आहेत."

"आणि तुझे? ऑपरेशनचं काय?"

"ते नंतर."

"नंतर म्हणजे कधी? आंधळा झाल्यावर?"

त्याने दयाळाचा फोटो पुन्हा लहान केला. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, डोळ्यातलं जुनं भिंग काढून टाकतात आणि नवं बसवतात. टाकतात म्हणजे कुठे टाकतात, विचारलं मी. हसले ते. आख्खा संसार ज्या भिंगातून तिला बघितलं, ते कचऱ्यात जाणार. आधी ती सापडू दे, मग काय ते काढा."

"मामा, भिंगात काही साठून राहत नाही. तू फोटोवाला आहेस, तुला हे मी सांगायचं?"

"मला सगळं ठाऊक आहे," मामा चिडून म्हणाला. "ठाऊक असून काय करू?"

त्याचा हट्ट मला समजत होता आणि रागही येत होता. हा माणूस एका डागासाठी डोळे घालवून बसणार हे उघड दिसत होतं. पण डाग काय आहे ते कळल्याशिवाय तो दवाखान्याची पायरी चढणार नव्हता हेही तितकंच उघड होतं. मी हो म्हणाले. आधी काकूंच्या दारात जाऊन त्यांना खरा प्रकार सांगितला. त्यांना हायसं वाटायच्या ऐवजी फसवल्यासारखंच वाटलं असावं. "पण चालणं तिचंच होतं गं," असं म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मामा बागेत जाऊन बसला आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, तिवईवर लावलेल्या कॅमेऱ्यामागे. पाखरांची वाट बघणं हे काम आपल्या स्वभावात नाही, हे मला पहिल्यांदाच नीट कळलं. साळुंक्या आल्या, तबकावरून हमरीतुमरी करून गेल्या. बुलबुलांची जोडी पेरूवर बसून बघत राहिली. मामाने माती उलटली. खुरप्याचा खसखस आवाज खिडकीपर्यंत येत होता आणि मला झोप यायला लागली होती.

दयाळ आला. मी बटण दाबलं. तो मान वाकडी करून समोरच्या टोपीकडे बघत होता, अगदी मामाला हवं तसं. मी पुन्हा दाबलं. आणखी दोनचार वेळा दाबलं. काम झालं होतं. मी हाक मारणार, एवढ्यात मामाने मनगटाच्या मागच्या बाजूने टोपी जराशी वर सारली आणि बोटांची माती गुडघ्यावर झटकली.

ही मामीची सवय. हात मातीचे असले की ती मनगटानेच टोपी सारायची. मामाला असं करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तो टोपीच घालायचा नाही, तर सारणार काय! त्याचं त्याला कळलंही नसावं. मग त्याने डावा खांदा पाडला, मान तिरकी केली आणि दयाळाशी काहीतरी पुटपुटला. ओठ हलले ते मला दिसले, आवाज आला नाही. भर सकाळी, गॅसवर पाणी तापत असताना, समोर मामा बसलाय हे पक्कं ठाऊक असताना मी घाबरले. मी कॅमेरा तिकडे वळवला आणि बटण दाबलं. का दाबलं, सांगता येणार नाही. बहुधा मला वाटलं की आता काढला नाही तर ती उठून जाईल.

डार्करूममध्ये आम्ही दोन्ही डोळे शेजारी ठेवले. जुना दयाळ, नवा दयाळ. जुन्यात जो डाग होता, नव्यातही तोच. वर रुंद, खाली निमुळता. कुठला जुना आणि कुठला नवा हे मला नंतर फाईलचं नाव बघून ठरवावं लागलं.

"म्हणजे पिंप नव्हे," मी म्हणाले. मला वाटलं त्याला बरं वाटेल.

"टोपी आहे," मामा म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "नुसती टोपी. टोपीखाली कोणीही असलं तरी असंच दिसणार. त्याला तरी काय, अळ्यांशी मतलब." त्याने डोळे चोळले आणि हाताने पुढचे फोटो सरकवायला लागला, काही बघायचं म्हणून नाही, हाताला चाळा म्हणून. दयाळ, दयाळ, उडालेली शेपटी, रिकामं तबक. आणि मग तो फोटो आला.

मामा थांबला. पडद्याच्या आणखी जवळ गेला. त्याचा श्वास काचेवर उमटायला लागला.

"हा कधी काढलास?"

मी तोंड उघडलं. 'आत्ता, मामा, हा तूच आहेस,' एवढं सोपं वाक्य होतं. ते घशाशी आलं होतं.

"तिने काढू दिला तुला?" मामा म्हणाला. त्याने एक बोट पडद्यावर ठेवलं, टोपीच्या काठाखाली, सावलीत जेमतेम दिसणाऱ्या गालावर, आणि तो रडायला लागला. तोंडावर हात नाही, काही नाही. "बघ, बघ ना. ही बघ. असाच होता. असाच गाल होता. मी काय काय आठवत बसलो होतो."

मी ते वाक्य गिळलं. मला कोणी दोष द्यायचा तर खुशाल द्यावा.

"हात लावू नकोस हं याला," तो म्हणाला. "काही नीट करायला जाऊ नकोस. तिला आवडणार नाही."

त्याच आठवड्यात तो आपण होऊन दवाखान्यात गेला आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आला. इतके दिवस घरचे सगळे हात टेकून बसले होते. माझ्या आईने मला फोन करून विचारलं, काय जादू केलीस? मी म्हणाले, काही नाही, पाखरांचे फोटो काढले.

फोटो मोठा करायला मी तो कामावर घेऊन गेले. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर उघडला. आमच्या पडद्यावर काही लपत नाही. टोपीखालचा कान मामाचा होता, त्यातून बाहेर आलेल्या पांढऱ्या केसांसकट. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट पट्टा होता आणि मामी कधी घड्याळ घालायची नाही. खुरपं धरलेल्या हाताची करंगळी वाकडी होती, दरवाजात चेमटलेली, मामाचीच. मी विचार केला, आज त्याच्या डोळ्यांवर जाळी आहे. उद्या नवी भिंगं बसली की हे सगळं त्याला लख्ख दिसणार. कान झाकायला मला कितीसा वेळ लागणार होता? करंगळी सरळ करायला? हे तर मी रोज करते, परक्या माणसांसाठी करते. माझा हात माऊसवर होता. मग मला ती टपोऱ्या डोळ्यांची मुलगी आठवली, कोणाचीच नसलेली. मी काही न करता तसाच छापला आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले.

मामाने तो आतल्या खोलीत पलंगासमोर लावला. काकू बघायला आल्या. हा मामा आहे हे मी त्यांना आधीच सांगितलेलं होतं, तरी त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "अगं बाई, हुबेहूब!" मी त्यांच्याकडे बघितलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

ऑपरेशन आधी एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं; पहिल्याची सूज लवकर उतरेना, त्यामुळे तोवर त्याला सगळं धूसरच दिसत होतं. मधल्या दिवसांत मी मामाकडेच राहिले. थेंब घालायचे, काळा चष्मा पुसून द्यायचा, वाकू नकोस म्हणून ओरडायचं. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघायची त्या सकाळी मी फोटो भिंतीवरून काढायला गेले. काच फुटली म्हणून सांगेन, नवी बसवायला दिलाय म्हणेन, असं काहीबाही डोक्यात होतं. खिळ्यापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. डोळे दिले आणि बायको काढून घेतली, असा हिशेब मला करवेना. जे व्हायचं ते समोर होऊ दे.

दवाखान्यातून येताना मामा रिक्षातून सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत होता. घरी आल्यावर त्याला भिंतीचा रंग उडालेला दिसला, सिंक घाण दिसलं, माझे पिकलेले केस दिसले. "तू म्हातारी झालीस की गं, भिंगरे," म्हणाला. मग तो आतल्या खोलीत गेला. मी दारातच थांबले.

तो फोटोसमोर उभा राहिला. आधी लांबून, मग जवळून, धंद्यातला माणूस बघतो तसा, वरून खाली. कानापाशी थांबला. हातापाशी थांबला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि त्याचा उजवा हात मला दिसत होता. त्याने आपली वाकडी करंगळी अंगठ्याने चाचपली, सावकाश, दोनदा. बाहेर लिंबाच्या झाडात दयाळ शीळ घालत होता.

"भिंगरे," मामा मागे न वळता म्हणाला, "शेवटी शेवटी ती माझ्यासारखी दिसायला लागली होती, नाही का गं?"

मी "हो" म्हणाले.

"मला वाटलंच," तो म्हणाला. मग त्याने दाराच्या मागचा कोट काढून अंगात घातला, टोपी उचलली आणि तो बागेत गेला. मी त्या फोटोसमोर एकटीच राहिले. बटण मी दाबलं होतं. कान, घड्याळाचा पट्टा, करंगळी, सगळं मला ठाऊक होतं. मी मामाला त्यात शोधायला लागले, आणि तो मला सापडेना.